मास्तरांच्या नावाचा पुकारा

८ सप्टेंबर

पोरी,

पत्राला फार उशीर झाला. किती झाला ते मी लिहीत नाही, तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तू गेल्यापासून लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. अक्षरओळख आहे मला, शाळेत थोडाफार गेलो आहे, पण रागावून गेलेल्या मुलीला काय लिहायचं ते तिथे शिकवलं नव्हतं. आज मात्र अडून चालणार नाही. मास्तर गेले.

बघ, असं एकदम लिहायला नको होतं. तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे. म्हणते, "आधी तिची तब्येत विचारायची असते हो, माणूस मेलेला मग सांगायचा." तर तब्येत कशी आहे? तिकडे थंडी आहे का? घोड्यावरून उतरल्यावर घामाच्या अंगावर वारा घेत जाऊ नकोस. एकदा आपटलेलं हेल्मेट परत घालू नकोस, वरून धड दिसलं तरी आतून तडकलेलं असतं. तू आईला दिलेल्या नंबरावर मी फोनही लावला होता. तिथला माणूस त्याच्या भाषेत माझ्याशी भांडला, मीही थोडा भांडलो, कशावरून ते दोघांनाही कळलं नाही. म्हणून पत्र.

मास्तर सकाळी घोड्यांना पळवायचं काम बघून तबेल्याच्या अंगणातल्या खुर्चीत बसले. चहा मागवला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. आयुष्यात कधी कुणासाठी थांबले होते? मी कारभाऱ्याला खरारा करत होतो. घोड्याने मान वर केली आणि कान खुर्चीकडे वळवले, म्हणून मी बघितलं. मास्तरांनीच शिकवलं होतं मला, घोड्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, कानांकडे बघ.

या वर्षी आपल्या रेसच्या मैदानावर वाईट वारं आहे. उन्हाळ्यात भोंगा गेला. ज्याच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा लाउडस्पीकरवर आलं तो भोंगा. त्याच्या आधी म्हातारा नालबंद गेला. तोंडात खिळे धरून बोलायचा, त्यामुळे तो काय म्हणाला ते फक्त घोड्यांना कळायचं. एका वर्षात तिघे. आता मैदानावर माझ्या वयाचं कुणी शोधायचं म्हटलं तर एक मी आणि एक वजनकाटा.

भोंग्याची गोष्ट तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा लहान होतीस. एकदा शर्यत सुटली आणि पलीकडच्या वळणावर धुकं उतरलं. घोडे दिसेनात. दुसरा कुणी असता तर त्याने अंदाजाने ठोकून दिलं असतं, नाहीतरी कुणाला कळणार होतं? भोंगा म्हणाला, "मंडळी, मला दिसत नाही. जे दिसत नाही ते मी सांगणार नाही." आणि गप्प बसला. सगळं मैदान गप्प बसलं. नुसत्या टापा ऐकू येत होत्या. धुक्यातून पहिला घोडा बाहेर आला तेव्हा भोंग्याने एवढ्या शांतपणे त्याचं नाव घेतलं की माझ्या अंगावर काटा आला. अशा माणसांमध्ये जन्म गेला माझा. तू काही म्हण, मला त्याचा गर्व आहे.

आता कामाचं लिहितो. तुला पुकारा माहीत आहे. सीझनच्या पहिल्या दिवशी, पहिल्या शर्यतीच्या आधी, वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची, एकेका नावामागे एक घंटा. आणि नाव घ्यायचं ते रक्ताच्या माणसाने नाही, त्या माणसाच्या हाताखाली शिकलेल्याने. हीच तर आपल्या मैदानाची रीत आहे. पोरंबाळं कुणालाही होतात, चेला कमवावा लागतो. ज्याचं नाव पुकारलं जात नाही त्याचं नाव, घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या भिंतीवर चढत नाही. शर्यत सोडणारे ते बावटेवाले आठवतात? जन्मभर बावटा पाडला त्यांनी, आणि पुढे लोखंडी गेट आलं. बावटा कुणी शिकलाच नाही. आज भिंतीवर त्यांचं नाव नाही. अगदी पुसल्यासारखा माणूस गेला.

भोंग्याचं नाव त्याचा जावई घेईल, हल्ली तोच माइकवर बसतो. नालबंदाचं नाव त्याच्याकडे शिकलेली नालबंदीण घेईल. मास्तरांचं कोण? त्यांचा पहिला जॉकी त्यांच्या आधी गेला. दुसऱ्याशी त्यांचं असं वाजलं की तो आता घोड्याचं चित्रसुद्धा घरात लावत नाही. तबेला ज्यांच्याकडे आला ते ट्रेनर दुसरीकडे शिकलेले. सेक्रेटरीसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरांचं नाव कोण घेणार?" सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "माझी मुलगी घेईल."

तुला न विचारता म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आता परत आत घालता येत नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो. ये. निदान येतेस की नाही ते कळव. तुझी आई म्हणते, तिला म्हणावं तुझी खोली झाडून ठेवली आहे. रोजच झाडते, तू गेल्यापासून.

तुझा बाबा


६ ऑक्टोबर

पोरी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन फाटकातच होता तेव्हा आईने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. एकच ओळ आहे. "मला बोलावताय की त्यांच्या चेलीला?" आई म्हणाली, "झालं समाधान? करा आता पुकारा." पण कार्ड तिने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं आहे. भांडण असलं तरी अक्षर तुझं आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला पटकन देता येत नाही. मला दोन मुली असत्या तर एकीला बोलावलं असतं आणि दुसरीला नाव घ्यायला सांगितलं असतं. तू एकटीच आहेस, मी काय करू?

मास्तर चुकले. हे मी लिहून देतो. मोठ्या कपाच्या शर्यतीदिवशी सकाळी तुला कारभाऱ्यावरून उतरवून परक्या जॉकीला बसवलं. घोड्याच्या मालकाचा हट्ट होता आणि मास्तर त्याला नाही म्हणाले नाहीत. जन्मात एकदाच ते कुणाला नाही म्हणाले नसतील, आणि नेमके तेव्हा. त्याबद्दल त्यांनी तुझी माफी मागितली नाही, माझ्याजवळही कधी काही बोलले नाहीत. माफी मागणारा माणूसच नव्हता तो. घोड्याच्या पायावर पाय पडला तर घोड्याची मागायचे.

तू म्हणाली होतीस, "बाबा, तुम्ही नुसतं घोड्याचं तोंड धरून उभे राहिलात." राहिलो. ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, पण मी दुसरं काय करणार होतो ते मला अजून सुचलेलं नाही. मोतद्दाराने घोडा सोडला तर घोडा माणसांत घुसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चंदी घालायला गेलो त्याचाही तुला राग असणार. घोड्यांचं काय चुकलं होतं?

शर्यतीत पुढे काय झालं ते तू ऐकलं नसशील, तू तेव्हा गाडीत होतीस. कारभारी गेटमधून सगळ्यांच्या नंतर निघाला आणि सगळ्यांच्या नंतर आला. परका जॉकी उतरून म्हणाला, "हा घोडा आहे की सरकारी कचेरी?" त्यानंतर त्याला कुणीकुणी फिरवून बघितलं, पण तुझ्यामागे तो एकही शर्यत जिंकला नाही. मास्तरांनी त्याला विकूही दिला नाही. बावरलेल्या शिंगरांना सोबत म्हणून ठेवला. आता तोंडावर पांढरे केस आलेत, सकाळी सगळा तबेला आपल्याच हुकुमावर चालतो अशा थाटात दारात उभा राहतो. त्याचं नाव उगाच पडलेलं नाही.

आता माझं ऐक. नाव पुकारणं म्हणजे माफ करणं नाही. तू त्यांच्याकडे शिकलीस, एवढंच त्यात असतं. आणि शिकलीस ना? तुझ्या रिकिबी काढून घेऊन सबंध सीझनभर तुला तशीच फिरवली त्यांनी. तू पडायचीस, माती थुंकायचीस, परत चढायचीस. मी पाण्याची बादली घेऊन बघत राहायचो आणि मनात त्यांना शिव्या द्यायचो. मग एके दिवशी घोडा बिथरला, तीन पायांवर नाचला आणि तू हललीसुद्धा नाहीस. मास्तर म्हणाले, "ही पोरगी नाही, पिसू आहे. घोडा अंग झटकून मरेल पण ही सुटायची नाही." तुझ्या आईला ते नाव आवडलं नाही. "माझ्या मुलीला किडा म्हणतात आणि तुम्ही हसता?" पण मला माहीत होतं, त्या माणसाने आयुष्यात कुणाचं कौतुक केलं असेल तर ते एवढंच.

आज तू तिकडे जिंकतेस. पेपरातली कात्रणं आपल्या जॉकींकडे पोचतात, ते मला आणून दाखवतात. फोटोत तोंड दिसत नाही, पण बैठक दिसते. पाठ कशी आडवी, हात कसे घोड्याच्या मानेबरोबर जाणारे. ती बैठक मास्तरांची आहे. ती तू इथे ठेवून गेली नाहीस.

येऊ नये वाटलं तर येऊ नकोस. पण तसं कळव, म्हणजे मी साहेबांना सांगेन.

तुझा बाबा


२९ ऑक्टोबर

पोरी,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा येत असेल. पत्ता मी दोनदा तपासला होता.

साहेबांना सांगायला गेलो की मुलगी येऊ शकत नाही, शर्यतींच्या घाईत आहे. कुठल्या शर्यती म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं मोठ्या. ते म्हणाले, "मग तुम्हीच घ्या नाव." मला वाटलं थट्टा करतात. मोतद्दाराने नाव पुकारल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. पुकारतात जॉकी, ट्रेनर, नालबंद, ज्यांना हुन्नर आहे ते. शेजारी मोठा जॉकी उभा होता. तू त्याला ओळखतेस, तोच, तुझ्या पहिल्या जिंकण्यावर चार दिवस फुगून बसलेला. तो म्हणाला, "काका, एवढी वर्षं मास्तरांजवळ काढलीत, काहीतरी शिकला असालच की."

तेव्हापासून झोप नाही. बादल्या धुताना मास्तरांचं नाव मोठ्याने घेऊन बघतो. आवाज घशातच राहतो. काल तुझी आई म्हणाली, "हे काय, कोंबड्याचा गळा धरल्यासारखं? मेलेल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." तिला सोपं आहे, तिचा आवाज इथून तुझ्यापर्यंत पोचेल.

मास्तरांचा घोडा म्हणून कारभाऱ्याला घेऊन उभं राहायचं ठरलं आहे, खोगीर चढवून, वर कुणी नाही. मी त्याला असा सजवणार आहे की लोकांनी बघत राहावं. तेवढं मला नक्की येतं.

थंडी वाढली असेल. गळा झाक.

बाबा


७ नोव्हेंबर

पोरी,

अक्षर वाकडं दिसेल, टेबल हलतंय. पुकारा झाला. कसा झाला ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पेपरातही आलं आहे, पण पेपरवाल्याने घोड्याचं वयच चुकवलं.

पहाटेपासून कारभाऱ्याच्या अंगावर हात होता माझा. खरारा, मग ओलं फडकं, मग कोरडं. आयाळ विंचरून एका बाजूला पाडली. पायांना पांढऱ्या पट्ट्या. खोगीर इतकं चमकलं की नवी नालबंदीण म्हणाली, "काका, यात तोंड बघून भांग पाडता येईल." सगळं झालं, आणि तरी मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. एखाद्या मोठ्या माणसाला उघड्या डोक्याने चारचौघांत न्यावं तसं. मग आठवलं आणि मी त्याची जीभ बांधली.

तू आता कपाळावर हात मारला असशील. मला तेव्हा कळलं नाही गं. इतकी वर्षं त्याला शर्यतीसाठी सजवताना शेवटचं काम तेच असायचं, हात आपोआप तिकडे गेला. तुझी आई तबेल्यात कधी पाय ठेवत नाही, तिला मागाहून समजावावं लागलं. पळताना घोड्याची जीभ लगामावर चढली तर त्याचा श्वास कोंडतो, म्हणून कापडी पट्टीने ती खालच्या जबड्याला बांधतात. पण फक्त शर्यतीच्या दिवशी. फिरायला नेताना नाही, मिरवायला नाही, कधीच नाही. घोड्याला खोगिरावरून काही कळत नाही, पट्ट्यांवरून कळत नाही. जीभ बांधली की कळतं, आज पळायचं.

आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याला आमंत्रण दिलंत."

तसंच झालं. स्टँडसमोर हिरवळीवर उभे राहिलो. माणसं उठून उभी, टोप्या हातात. भोंग्याच्या जावयाने माइकवर सासऱ्याचं नाव घेतलं. आवाज फुटला त्याचा, पण नाव स्पष्ट आलं. घंटा झाली. ही घंटा म्हणजे गेट उघडताना वाजते तीच, आपल्याकडे दुसरी आहे कुठे? कारभारी थरारला. मला वाटलं म्हातारा झाला, दचकतो. नालबंदिणीने तिच्या गुरूचं नाव घेतलं. तोंडात खिळे नव्हते पण डोळ्यांत पाणी होतं. परत घंटा. आता त्याचे कान सरळ पुढे, मैदानाकडे. मी कानांकडे बघायला हवं होतं. मी बघत होतो लोकांकडे, कारण आता माझी पाळी होती.

मी टोपी काढली. त्यासाठी दोरी या हातातून त्या हातात घेतली. तोंड उघडलं. नाव घेतलं की नाही ते मला खरंच सांगता येत नाही. आई म्हणते ओठ हलले. घंटावाल्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने घंटा मारली.

आणि कारभारी गेला.

पोरी, तू बघायला हवं होतंस. म्हातारा घोडा, वर कुणी नाही, रिकिबी लोंबताहेत, आणि असा सुटला जणू गेट त्याच्यासाठीच उघडलं. कुणीतरी ओरडलं, "धरा त्याला!" कोण धरणार? साहेब कुंपणापर्यंत धावले आणि तिथेच थांबले. पहिल्या वळणावर तो आपसूक आतल्या बाजूला सरकला, कुंपणाला घासून, तू घ्यायचीस तसा. मला एकीकडे भीती, आता याचं हृदय बंद पडतंय, पाय मोडतोय, सगळं माझ्यामुळे. आणि दुसरीकडे, देवाशपथ, मला वाटत होतं याने थांबू नये.

तेवढ्यात लाउडस्पीकर बोलायला लागला. जावयाचं रक्तच ते नाही का, म्हणजे रक्त नाही, शिक्षण. समोर घोडा पळतोय म्हटल्यावर त्याला गप्प राहवेना. "कारभारी पुढे. कारभारी पुढेच आहे. मागे... मागे कुणी नाही. पलीकडच्या वळणावर कारभारी. कारभारी दम राखून आहे, मंडळी." लोक हसायला लागले. मग हसता हसता ओरडायला लागले. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो आला तेव्हा सगळा स्टँड उभ्याने ओरडत होता, एकट्या घोड्यासाठी, जणू तो कुणाला तरी मागे टाकतोय. शेवटचा खांब ओलांडला आणि वेग कमी करून, शिकवलेल्या घोड्यासारखा, वळून जिंकणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला. तिथे त्याला कुणाला न्यावं लागलं नाही. डॉक्टरांनी पाय तपासले, छाती ऐकली. म्हणाले, "याला काही झालेलं नाही, तुम्हीच बसा."

आणि सवयीने जावई निकाल सांगायला लागला. "पहिला, कारभारी. ट्रेनर..." आणि त्याने मास्तरांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शर्यत जिंकलेल्या ट्रेनरचं घेतात तसं. ओरडणं एकदम थांबलं. सगळ्या टोप्या परत उतरल्या. पुकारा असाही होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. साहेब नंतर म्हणाले, "नियमात बसत नाही, पण मी बसवतो." मास्तरांचं नाव भिंतीवर चढणार.

मग जावई म्हणाला, "जॉकी..." आणि अडला. वर कुणी नव्हतंच ना. तेव्हा जॉकींच्या खोलीच्या दारातून आवाज आला, "पिसू!" कोण असेल? तोच मोठा जॉकी, फुगणारा. मग सगळे जॉकी, मग मोतद्दार, मग स्टँडमधली जुनी माणसं. पिसू, पिसू. शेवटी जावयाने तुझं नाव माइकवर घेतलं. पूर्ण घेतलं. तुझं, मग माझं, मग आडनाव.

त्या लाउडस्पीकरवर मोतद्दाराचं नाव कधी आलं नव्हतं. तू जिंकायचीस तेव्हा भोंगा नुसतं तुझं आणि आडनाव घ्यायचा, त्याची तशी पद्धत होती. मी टोपी हातात धरून उभा होतो. ती डोक्यावर घालायची हे लक्षातच नव्हतं.

तर असं झालं. सगळं छान झालं. तू कशी आहेस ते कळव.

तुझा बाबा


२६ नोव्हेंबर

पोरी,

वीस दिवस होत आले, तुझं काही नाही. मी मागच्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. आई म्हणते लिहून टाका, नाहीतर तुम्हाला अन्न पचणार नाही.

एक म्हणजे टेबल हलत नव्हतं. दोरी हाताला गुंडाळलेली होती, घोडा सुटला तेव्हा मी थोडा फरफटलो. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितो. दुखत नाही. कारभारी रोज प्लॅस्टर हुंगतो आणि तोंड फिरवतो, जणू त्याचा काही संबंधच नाही.

दुसरी गोष्ट लिहायला हात उचलत नाही. जावयाने तुझं नाव घेतलं, त्यानंतर घंटा झाली.

घंटावाला साधा माणूस. त्याला सांगितलं होतं, नाव झालं की घंटा. मास्तरांची त्याने आधीच मारली होती, हे नवं नाव झालं, त्याने घंटा मारली. त्याच्या ध्यानीमनी काही नव्हतं. पण गेलेल्यांच्या नावामागे वाजते ती घंटा, आणि ती तुझ्या नावामागे वाजली. तुझ्या आईने माझा दंड धरला, मोडलेलाच, आणि मला कळलंही नाही. घंटावाल्याने दुसऱ्या दिवशी घरी येऊन माझे पाय धरले. मी म्हटलं, जा रे, असं काही नसतं. साहेब म्हणाले, असं काही नसतं. डॉक्टरही तेच म्हणाले. शिकलेली माणसं आहेत, त्यांना ठाऊक असणार.

पण मी रोज पेपर आणायला लावतो आणि मागचं पान आधी बघतो. तिकडच्या शर्यतीत कुठे कोण पडलं, कोणत्या मैदानावर, जॉकी की जॉकीण. मोठा जॉकी मला फोनवर शोधून दाखवतो आणि म्हणतो, "काका, ती या आठवड्यात धावलीच नाही." का धावली नाही, ते त्याला सांगता येत नाही. घोडा आजारी असेल. तू सुट्टी घेतली असशील. तू सुट्टी घेत नाहीस हे मला माहीत आहे.

आई आता तुझी खोली दिवसातून दोनदा झाडते. बोलत नाही. तिचं न बोलणं तुला माहीत नाही, मलाही नव्हतं.

मास्तर भिंतीवर चढले, त्यांचं काम झालं. मला आता पुकारा नको, चेली नको, तू कुणाकडून काय शिकलीस त्याचाही मी पुन्हा उल्लेख करणार नाही. नावाचं कौतुक झालं तेव्हा मी एवढा फुगलो की घंटा ऐकूनही क्षणभर मला तिचा अर्थ लागला नाही, मी हसतच उभा होतो.

लवकर काहीतरी पाठव. पत्र नको, वेळ नसेल. राग असेल तर राग पाठव. कोरा कागद पाकिटात घालून दिलास तरी चालेल, फक्त पाकिटावरचा पत्ता तुझ्या हातचा असू दे.

बाबा